आधीची कथा, नंतरचे लेखन : सोपाऱ्याच्या जातकाच्या निमित्ताने

कथामालेला वाचकमान्यता लाभली, की तिच्या आरंभापूर्वीचा काळ लेखनासाठी खुला होतो. इंग्रजीतील किशोरवाचकांसाठीच्या अद्भुतरम्य मालिकांत हा संकेत आता चांगलाच रूढ झाला आहे. सारा जे. मास यांच्या ‘थ्रोन ऑफ ग्लास’ (२०१२) या कादंबरीची नायिका आरंभीच मिठाच्या खाणीतील कैदी म्हणून भेटते. ती तेथवर कशी आली, हे सांगणाऱ्या पाच कथा ‘द असॅसिन्स ब्लेड’ (२०१४) या संग्रहात एकत्र आल्या. सी. एस. लुईस यांचे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ (१९५५) हे नार्नियामालेतील प्रकाशनक्रमाने सहावे पुस्तक; पुढील आवृत्त्यांनी घटनाक्रमानुसार त्याला पहिले स्थान दिले. असे पुस्तक आधी वाचावे की नंतर, हा प्रश्न वरवर पाहता वाचकाच्या सोयीचा वाटतो. वस्तुतः तो कथनमीमांसेचा प्रश्न आहे. पूर्वकथा ही तिच्यातील माणसांची असते, की पुढे येणाऱ्या कथेची?

झेरार जनेत यांनी १९८२ मध्ये मूळ संहितेच्या आरंभामागे जाऊन केलेल्या पूरणाला स्वतंत्र प्रकार मानले. परंतु ही व्यवस्था आपल्या परंपरेला नवी नाही. दण्डीच्या ‘दशकुमारचरिता’तील तरुण राजपुत्रांच्या साहसांना जोडलेली पूर्वपीठिका बहुतेक अभ्यासक नंतरच्या हातची मानतात. पालघर तालुक्यातील केळवे-माहीम म्हणजे जुने महिकावती. तिच्या बखरीचे वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये संपादन केले, तेव्हा तिच्यातील दुसरे व तिसरे प्रकरण सर्वांत जुने, केशवाचार्यांचे, शके १३७० चे असल्याचे त्यांनी दाखवले. ग्रंथात आधी येणारे प्रकरण रचनेने नंतरचे आहे. म्हणजे ‘आधी’ हे पद कालवाचक असतेच असे नाही. पुष्कळदा ते मांडणीवाचक असते.

या दृष्टीने जातकसंग्रहाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. गौतमाचे चरित्र श्रोत्याला ठाऊक आहे असे गृहीत धरून त्या चरित्रापूर्वीच्या जन्मांच्या ५४७ कथा येथे सांगितल्या आहेत. गाथा प्राचीन, गद्यकथा आजच्या रूपात स्थिरावली ती बुद्धानंतर कित्येक शतकांनी. प्रत्येक कथेची घडण ठरलेली आहे. प्रथम वर्तमानातील प्रसंग, मग अतीतवस्तू, त्यात गाथा व त्यांचे विवरण, आणि अखेरीस ‘समोधान’, म्हणजे तेव्हाचा अमुक तो आजचा तमुक, अशी जुळणी. नायक तरणार हे आरंभीच ठाऊक असल्याने ‘पुढे काय’ ही उत्कंठा येथे संभवत नाही. उरते ती ‘कसे’ याची जिज्ञासा. दुर्गा भागवतांच्या ‘सिद्धार्थ जातका’मुळे ही घडण मराठी वाचकालाही परिचित आहे.

क्रमांक ४६३ चे सुप्पारक जातक पालघर जिल्ह्याला विशेष जवळचे आहे, कारण त्याच्या नायकाचे नाव सोपाऱ्याचे नाव आहे. भरुकच्छ बंदरातील हा कुशल निर्यामक (आजच्या किनारी बोलीतला तांडेल) खाऱ्या पाण्याने दृष्टी गमावतो आणि राजाकडे पारख करणारा म्हणून राहतो. हत्ती, घोडा, रथ यांचे दोष तो नुसत्या स्पर्शाने ओळखतो. राजा दर वेळी आठ कार्षापण देतो. हे तर नाभिकाला द्यावे तेवढे दान, असे मनाशी म्हणून सुप्पारक ती चाकरी सोडतो. पुढे सातशे व्यापाऱ्यांचे जहाज तो हाकारतो. चार महिने भरकटलेले ते जहाज वस्तऱ्यासारख्या नाकाच्या माशांचा समुद्र, अग्नीसारखा समुद्र, दह्यासारखा समुद्र असे एकेक समुद्र ओलांडत वडवामुखाशी पोचते. तेथून तो सत्यक्रियेने सर्वांना एका दिवसात परत आणतो.

समोधानात जहाजावरील परिषद म्हणजे बुद्धपरिषद आणि सुप्पारक म्हणजे बुद्ध, एवढीच जुळणी होते. राजाला आणि त्याच्या आठ नाण्यांना तेथे जागा नाही. कथा प्रज्ञापारमितेसाठी सांगितली आहे. परंतु अपुरा मोबदला मिळालेल्या अंध कारागिराचा संताप, आणि त्या संतापातून डोकावणारा त्याचा स्वतःचा जातिगंड, या पारमितेच्या हिशेबात बसत नाही. तो शिल्लक राहतो. आर्यशूराच्या ‘जातकमाले’त हा प्रसंग गळला आहे. तेथे नायक वृद्ध, मंददृष्टी, आदरणीय आहे आणि त्याच्या नगराचेही नाव सुपारग आहे. कथा अधिक सुघटित झाली खरी. पण नगर मिळवताना माणूस थोडा हरवला, असे म्हणावे लागते. पूर्वकथा जितकी उत्तरकथेशी चोख जुळते, तितकी ती स्वतःची कमी उरते.

सोपाऱ्याच्या उत्खननाने या विचाराला अनपेक्षित पुरावा दिला आहे. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडातील स्तूप उघडला. दगडी पेटीत भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे, सोन्याची फुले आणि यज्ञश्री सातकर्णीचे नाणे मिळाले. त्यांभोवती ब्राँझच्या आठ मूर्ती होत्या : सात मानुषी बुद्ध आणि भावी बुद्ध मैत्रेय. नाणे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचे, तर मूर्ती शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातील मानल्या जातात. गौतमाच्या आधीचे बुद्ध स्तूपात गौतमानंतर, आणि स्तूप उभा राहिल्यावरही कित्येक शतकांनी, येऊन बसले. पूर्वकथेचे याहून नेमके चित्र शोधूनही सापडणार नाही. त्याच साली सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखाची घडणही अशीच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला, मृगयेला जात; राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीस गेला आणि धर्मयात्रा सुरू झाली. मागच्या राजांचे काम येथे केवळ पुढच्याला उठाव देण्याचे आहे.

असे वाचन केवळ संहितेपुरते राहत नाही. सोपाऱ्याचा इतिहास आपण मुंबईच्या उदयाची प्रस्तावना म्हणून लिहितो. १९६९ मध्ये तारापूरची अणुवीज सुरू झाली, पुढे बोईसरला कारखानदारी वाढली. तेव्हापासून या पट्ट्याचा आधीचा काळ ‘प्रकल्पापूर्वी’ या एका शब्दात आटोपला जातो. तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी उठवल्या गेलेल्या पोफरण आणि अक्करपट्टी या गावांचे समोधान तर फारच घाईने झाले.

म्हणून वाचनक्रमाच्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर असे देता येईल. पूर्वकथासंग्रह मूळ मालेनंतर वाचावा, कारण तो त्या ज्ञानावरच उभा असतो. मात्र वाचताना जुळणाऱ्या दुव्यांपेक्षा न जुळणाऱ्यांकडे अधिक लक्ष असावे. किशोरवाचक हे बहुधा न शिकवताच करतो. नायिका पुढे कोण होणार हे ठाऊक असूनही तिच्या आजच्या चुकीवर तो रागावतो. समीक्षकाने त्याच्याकडून एवढे घ्यावे. सुप्पारक पुढे बुद्ध झाला, हे संग्रहाचे म्हणणे आहे. राजाची चाकरी सोडून तो आपल्या बंदराकडे निघाला, तेव्हा ते त्याला ठाऊक नव्हते.