गोंगाटातले गाऱ्हाणे

सरकारी वसाहतीतील घरांच्या भिंती पातळ असतात. पलीकडच्या खोलीत मुलगा काय ऐकतो हे बापाला न विचारता कळते. तो ते का ऐकतो, हे मात्र विचारूनही क्वचितच कळते. त्यातून ते संगीत 'हेवी मेटल' ह्या नावाचे असेल, तर आपण दोन मिनिटांतच निकाल देऊन मोकळे होतो : हा निव्वळ गोंगाट आहे, आणि त्यात भुताखेतांचे नि सैतानाचे स्तोम माजविलेले आहे. प्रस्तुत लेखकाचेही मत पुष्कळ वर्षे असेच होते. ह्या संगीताच्या जन्माची हकीकत वाचल्यावर ते बदलावे लागले. ती हकीकत थोडक्यात येथे सांगावयाची आहे.

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे कारखान्यांचे शहर. दुसऱ्या महायुद्धात त्याच्यावर जर्मन विमानांनी भयंकर बाँबफेक केली होती. तेथील ॲस्टन ह्या कामगारवस्तीत १९४८-४९ साली जन्मलेली मुले पडक्या घरांच्या मोकळ्या जागांवर खेळत वाढली. त्यांपैकी चौघांनी, टोनी आयोमी, गीझर बटलर, ऑझी ऑस्बोर्न आणि बिल वॉर्ड ह्यांनी, १९६८ साली एक वाद्यवृंद उभा केला. पुढे त्यांनी त्याला एका भयपटाचे नाव दिले : 'ब्लॅक सॅबथ'.

आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वयाच्या सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारीच्या तारा दाबण्याचे काम नेमके ह्याच हाताकडे होते. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोपणे केली आणि दुखऱ्या बोटांना ताण पडू नये म्हणून पुढे तारा सैल केल्या. तारा सैल होताच स्वर खाली उतरला. ज्या जड, काळवंडलेल्या नादाने साऱ्या जगातील आईबापांची झोप उडविली, त्याच्या मुळाशी अशी एका कामगार पोराची जखम आहे. ऑस्बोर्न काही काळ कत्तलखान्यात राबला होता. बटलर हिशेबनीसाचे काम शिकत होता, आणि ह्या वृंदाची बहुतेक पदे लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले. तो कडक शिस्तीच्या आयरिश कॅथॉलिक कुटुंबात वाढला होता, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

त्यांची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी, शुक्रवारी, निघाली. वेष्टणाच्या आतल्या बाजूस उलटा क्रूस छापलेला होता. आपल्याला न विचारता तो तेथे घातला गेला, असे त्या मंडळींनी पुढे वारंवार सांगितले. परंतु लोकांनी पदांआधी वेष्टण वाचले, आणि सैतानाचे उपासक हा शिक्का कायमचा बसला. त्या तबकडीतील पहिले पद मात्र ऐकावे. रात्री एका माणसापुढे काळी आकृती येऊन उभी राहते. तो तिची पूजा करीत नाही. तो घाबरतो, पळू पाहतो आणि देवाचा धावा करतो. बटलरला आलेल्या अशाच एका अनुभवातून हे पद जन्मले. चेटकाच्या नादी लागू पाहणाऱ्या तरुणाला बसलेला तो धसका होता.

त्याच वर्षी सप्टेंबरात 'पॅरानॉइड' ही दुसरी तबकडी आली. तिच्या आरंभीच्या 'वॉर पिग्ज' ह्या पदात लढाया पुकारणाऱ्या सेनापतींना चेटकिणींची उपमा दिली आहे. गरिबांची मुले मरावयास पाठविणारे हे थोर लोक शेवटी न्यायाच्या दिवशी देवापुढे गुडघे टेकतात. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा पेटलेले होते. पदात सैतान येतो हे खरे. तो अपराध्यांच्या अधोगतीला हसण्यासाठी येतो. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' ह्या तबकडीतील 'आफ्टर फॉरएव्हर' हे पद तर उघडउघड श्रद्धेच्या बाजूचे आहे. मृत्यूनंतर तुझ्या आत्म्याचे काय होईल, ह्याचा विचार केला आहेस काय, असे ते निरीश्वरवादी मित्राला विचारते. त्यातील पोपविषयीची एक ओळ तेवढी उचलून हेच पद धर्मद्रोही ठरविणारेही निघाले!

आपल्याकडे ह्याला एक जुना दाखला आहे. नाथांच्या भारुडांत देवालाच भूत म्हटले आहे. भारुडाचा पहिलाच चरण ऐकून जो उठून जाईल, त्याला एकनाथ मांत्रिक वाटावयाचे. नाथांची अधिकारवाणी आणि ॲस्टनच्या पोरांची पदे एका पारड्यात घालण्याचा हेतू नाही. शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय रूपकाचा उलगडा होत नाही, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

अर्धवट ऐकण्याचा हा वाद पुढे विधिमंडळापर्यंत आणि न्यायालयापर्यंत गेला. १९ सप्टेंबर १९८५ रोजी अमेरिकेच्या सिनेटच्या एका समितीपुढे अशा गीतांविषयी सुनावणी झाली. पालकांच्या एका संघटनेने एका गीतात विकृत छळाचे वर्णन पाहिले होते. ते गीत ज्याचे, त्या डी स्नायडर ह्या गायकाने साक्षीत सांगितले की, आपल्या एका सहकाऱ्याच्या घशावरील शस्त्रक्रियेच्या भीतीविषयी ते आहे.

दुसरे प्रकरण इतके हलके नाही. ऑस्बोर्नच्या १९८० च्या एका पदाच्या नावात 'सोल्यूशन' हा शब्द आहे. इंग्रजीत त्याचे दोन अर्थ : उपाय आणि द्रावण. दारूच्या पेल्यातील द्रावणाने माणूस हळूहळू आत्मघात कसा करून घेतो, हे त्या पदाचे सांगणे. १९८४ साली कॅलिफोर्नियातील एका तरुणाने ऑस्बोर्नची गीते ऐकल्यानंतर आपले जीवन संपविले. त्याच्या आईबापांनी फिर्याद केली. १९८८ साली तेथील अपील न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारावर ती फेटाळली. कायद्याने प्रश्न मिटला. आईबापांचा मिटला असेल असे वाटत नाही. कवीचा हेतू निर्मळ असला, तरी ऐकणारा आपले दुःख घेऊनच ऐकावयास बसतो, आणि पदाचा निम्मा अर्थ तोच भरतो. म्हणून पदाचा अर्थ लावताना ऐकणाराही वाचावा लागतो.

हे सारे वाचून झाल्यावर मी एके रात्री मुलाच्या खोलीत गेलो आणि 'पॅरानॉइड' ह्या पदाचा अर्थ त्यालाच विचारला. एका तरुणाचे मन ताळ्यावर नाही, कशातच त्याला सुख वाटत नाही, आणि त्याचे म्हणणे कोणाला समजत नाही, असे ते पद आहे. बटलरला स्वतःला विषण्णतेने ग्रासले होते आणि हे पद त्यातूनच आले, असे त्याने पुढे सांगितले आहे. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, ही माझी चौथी शाळा. नव्या वर्गात पहिले दोन महिने मला असंच वाटतं. हे लावलं की निदान कुणाला तरी ठाऊक आहे असं वाटतं."

माझ्या चार बदल्यांचे हुकूम मी जपून फाईलला लावले होते. त्यांतील ही नोंद मात्र मी कधी वाचली नव्हती.

५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधील व्हिला पार्कवर हे चौघे अखेरचे एकत्र आले. कंपवाताने जर्जर झालेला ऑस्बोर्न आसनावर बसून गायला. २२ जुलैला तो वारला. त्याची अंत्ययात्रा बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवरून निघाली, तेव्हा हजारो लोक दुतर्फा उभे होते. एका कामगारवस्तीने त्या गोंगाटात आपले गाऱ्हाणे ओळखले होते. कोकणात आपण गाऱ्हाणे देवापुढे घालतो, आणि तेही खड्या आवाजातच घालतो.

भिंतीपलीकडून आता तेच संगीत येत असते. मी 'आवाज कमी कर' असे अजूनही म्हणतो. पण आधी पद संपू देतो.