राजधानी आणि रिकाम्या दऱ्या

सुटीचा बेत आखणें हें वरवर पाहतां वेळापत्रकाचें व हिशेबाचें काम आहे. परंतु कोणतें स्थळ आधीं व कोणतें नंतर पाहावयाचें हा प्रश्न निघाला कीं तें पुष्कळदां इतिहासाचें काम होऊन बसतें. आमचे एक जुने विद्यार्थी सहकुटुंब स्कॉटलंडला जावयाचे होते. त्यांनीं आपला बेत एका कागदावर व्यवस्थित उतरून आमच्यापुढें ठेवला. कागदाच्या डाव्या बाजूस ‘इतिहास’ असें शीर्षक देऊन त्याखालीं एडिंबरो शहराचे चार दिवस मांडले होते. उजव्या बाजूस ‘निसर्ग’ असें लिहून हायलंड्सचे, म्हणजे उत्तरेकडील डोंगराळ प्रांताचे, पांच दिवस. मुलांना डावी बाजू कंटाळवाणी होईल, पण उजवीकडे गेल्यावर त्यांचा शीण जाईल, असा त्यांचा अंदाज होता. दिवसांची वांटणी आम्हांस पसंत पडली. शीर्षकें मात्र खटकलीं. तीं कां खटकलीं हें त्यांस जें तोंडीं सांगितलें, तेंच येथें थोडें विस्तारून मांडीत आहों.

आपणां महाराष्ट्रीयांस हा मुद्दा समजावयास कठीण नाहीं. महाबळेश्वरीं थंड हवेसाठीं गेलेल्या मनुष्यास समोर प्रतापगड दिसला कीं १६५९ सालाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. तेथें डोंगर आणि इतिहास एकमेकांपासून निराळे काढतां येत नाहींत. परक्या देशांत गेलें म्हणजे मात्र आपण डोंगराला नुसता डोंगर समजतों. कारण त्याच्याविषयीं आपल्याला कोणी लहानपणीं कांहीं सांगितलेलें नसतें.

प्रथम शहराकडे वळूं. एडिंबरोचा किल्ला एका प्राचीन ज्वालामुखीच्या खडकावर बसलेला आहे, व त्याच्या दरवाजापासून हॉलिरूडच्या राजवाड्यापर्यंत जुन्या शहराचा मुख्य रस्ता सुमारें एक मैल उतरत जातो. हा रस्ता पायींच उतरावा. किल्ल्यांतील एका खोलींत स्कॉटलंडच्या राजांचा मुकुट, राजदंड व तलवार ठेवलेली आहेत. १७०७ सालीं स्कॉटलंडची पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटांत विलीन झाली, तेव्हां हीं राजचिन्हें एका पेटींत बंद करण्यांत आलीं आणि लोकांना त्यांचा जवळजवळ विसर पडला. १८१८ त वॉल्टर स्कॉट ह्या ग्रंथकारानें सरकारची परवानगी मिळवून ती पेटी उघडविली. रस्त्याच्या खालच्या टोंकाशीं आतां स्कॉटलंडच्या नव्या पार्लमेंटची इमारत उभी आहे. ती पार्लमेंट १९९९ पासून भरूं लागली. एका मैलाच्या अंतरांत राज्य गेल्याची व त्याचा कांहीं अंश परत मिळाल्याची अशी दोन्हीं टोंकें एकाच पायवाटेवर सांपडणारीं शहरें फार थोडीं.

मधल्या काळांत हें शहर स्वस्थ बसलें नव्हतें. डेव्हिड ह्यूम आणि अॅडम स्मिथ ह्यांच्या समाध्या येथेंच आहेत. १७६७ सालीं जेम्स क्रेग ह्यानें आंखलेलें नवें शहर जुन्या शहराच्या उत्तरेस वसूं लागलें. सरळ रस्ते, प्रशस्त चौक, एकासारख्या एक दगडी इमारती. कॅल्टन टेकडीवरून हीं दोन्हीं शहरें शेजारीं शेजारीं दिसतात. विवेक, नीटनेटकेपणा आणि सुधारणा ह्यांचें मूर्तिमंत रूप पाहावयाचें असेल तर तें येथें पाहावें. ‘सुधारणा’ हा शब्द मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तो पुढें डोंगरांत पुन्हां भेटणार आहे.

ह्या सुसंस्कृत राजधानीचा आणि उत्तरेकडील डोंगरांचा संबंध काय होता? तेथील लोकांची भाषा गेलिक, शहराची इंग्रजीच्या जवळची. तेथें कुळें होतीं, कुळाचा नायक होता, आणि नायकाच्या हांकेसरशीं तलवार घेऊन निघणें हीच जमिनीची खरी खंडणी होती. राज्यकर्त्यांना ह्या लोकांची भीति वाटे व तिरस्कारहि वाटे. ग्लेन्को ह्या अत्यंत रमणीय दरीचें उदाहरण घ्या. तेथील मॅकडोनल्ड कुळाच्या नायकानें राजनिष्ठेची शपथ ठरलेल्या मुदतीनंतर थोड्याच दिवसांनीं घेतली. पण एडिंबरोस ती मान्य झाली नाहीं. १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहांटे, जे शिपाई जवळजवळ पंधरवडाभर त्या लोकांच्या घरीं पाहुणे म्हणून जेवत होते, त्यांनींच वरून आलेल्या हुकुमाप्रमाणें अडतीस जणांना ठार केलें. आज त्या दरींत मोटार थांबवून छायाचित्र घेणाऱ्या प्रवाशास तें ठाऊक नसलें, तर त्यानें दरी पाहिली असें आम्हांस म्हणवत नाहीं.

पुढें १७४५ त राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट ह्यानें कुळांचें सैन्य जमवून एडिंबरो घेतलें व हॉलिरूडच्या वाड्यांत दरबार भरविला. डोंगर शहरांत उतरला तो एवढाच काळ. १६ एप्रिल १७४६ रोजीं इनव्हरनेसजवळ कलोडनच्या माळावर तासाभराच्या आंत सारें आटोपलें. त्यानंतर शस्त्रें हिरावून घेण्यांत आलीं, नायकांचे न्यायाधिकार काढून घेण्यांत आले, आणि पुरुषांनीं डोंगरी पोशाख घालणें हाहि गुन्हा ठरला. हा पोशाखाचा कायदा १७८२ पर्यंत रद्द झाला नाहीं.

येथवरची हकीकत शत्रूंनीं केलेल्या नाशाची आहे. ह्यापुढची हकीकत अधिक दुःखाची आहे, कारण ती आपल्याच माणसांनीं केलेल्या नाशाची आहे. तलवारीची किंमत गेली तेव्हां नायकाला माणसें नकोशीं झालीं. त्याला हवा होता खंड. तो आतां एडिंबरोंत किंवा लंडनांत घर करून राहूं लागला होता आणि शहरी राहणीला पैसा लागतो. दक्षिणेकडील धनगर मोठ्या मेंढ्यांसाठीं त्याच दऱ्यांना गरीब कुळांपेक्षां पुष्कळ अधिक भाडें देण्यास तयार होते. १७९२ सालीं रॉस प्रांतांतील लोकांनीं मेंढ्यांचे कळप हांकून देण्याचा प्रयत्न केला. सैन्य आलें आणि तो मोडला. गेलिक भाषेंत त्या सालास मेंढ्यांचें वर्ष असेंच म्हणतात. सदरलंडच्या जहागिरींतून हजारों लोक समुद्रकांठच्या तुटपुंज्या जमिनींवर हांकलले गेले, आणि ह्या सर्व उद्योगाचें नांव होतें ‘सुधारणा’!

१८१४ च्या उन्हाळ्यांत सदरलंडमधील स्ट्रॅथनेव्हर दरींत लोकांना घराबाहेर काढून छपरें पेटविण्यांत आलीं. जहागिरीचा कारभारी पॅट्रिक सेलर ह्याच्यावर १८१६ त इनव्हरनेस येथें खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. नेमक्या त्याच १८१४ च्या उन्हाळ्यांत एडिंबरोस वॉल्टर स्कॉटची ‘वेव्हर्ली’ ही कादंबरी निनांवी प्रसिद्ध झाली. तिचा विषय १७४५ चें बंड. सारें सुशिक्षित जग डोंगरी वीरांच्या कथेनें वेडें झालें. १८२२ त राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हां त्याच्या स्वागताचा समारंभ स्कॉटनेंच आंखला, आणि पूर्वीं ज्या पोशाखाबद्दल शिक्षा होई तोच पोशाख खुद्द राजाच्या अंगावर चढला. आज एडिंबरोच्या मुख्य रेल्वे स्टेशनास ‘वेव्हर्ली’ हेंच नांव आहे. डोंगरांत माणसें नाहींशीं होत होतीं आणि शहरांत त्यांचीं चित्रें रंगविलीं जात होतीं.

आम्ही स्कॉटवर ठपका ठेवीत नाहीं. त्याचे आम्ही तरुणपणापासूनचे ऋणी आहों. दऱ्या रिकाम्या होण्यास एकटी मेंढीच कारण झाली असेंहि नाहीं. लोकसंख्या वाढली होती, जमीन निकस होती, आणि १८४६ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ आला. कित्येक आपण होऊन कॅनडास गेले. पण ज्यांना घरांतून ओढून काढलें त्यांना ह्या कारणमीमांसेचा काय उपयोग? कुळांच्या कसणुकीस कायद्याचें संरक्षण मिळालें तें १८८६ सालीं. तोंपर्यंत बहुतेक दऱ्यांचा निकाल लागून गेला होता.

ह्या हकीकतीचा एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. एल्फिन्स्टन, माल्कम, मराठ्यांच्या इतिहासाचा लेखक ग्रँट डफ, हे सर्व स्कॉच होत हें आपण जाणतों. पण २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यांत, शिंदे-भोसल्यांच्या तोफांपुढें ज्या गोऱ्या पलटणी चालून गेल्या त्यांत ७४ वी व ७८ वी ह्या दोन हायलंडर पलटणी होत्या, आणि ७८ वी मुख्यतः रॉस प्रांतांतूनच उभारलेली होती. आपल्या तोफांनीं त्यांचीं माणसें मारलीं. त्यांच्या संगिनींनीं आपलीं. मेंढ्यांच्या वर्षाला तेव्हां अकराच वर्षें झालीं होतीं. ज्यांचीं घरें धोक्यांत होतीं असे लोक दुसऱ्यांचें राज्य घेण्यासाठीं येथें मरत होते.

त्याच रॉस प्रांतांत क्रॉइक नांवाचें एक लहानसें चर्च आहे. आम्ही गेलों त्या दिवशीं तेथें आमच्यावांचून कोणी नव्हतें. १८४५ च्या मे महिन्यांत ग्लेनकॅल्व्ही दरींतून काढलेलीं अठरा कुटुंबें ह्या चर्चच्या आवारांत आसऱ्याला राहिलीं होतीं. त्यांनीं खिडकीच्या कांचांवर बाहेरून अक्षरें कोरून ठेविलीं. तीं अजून वाचतां येतात. लिहिलें आहे तें आपल्या गेलिक भाषेंत नव्हे, इंग्रजींत. त्यांत जमीनदाराला शिव्या नाहींत. आपण येथें होतों एवढें सांगून त्यांनीं स्वतःलाच पापी पिढी म्हटलें आहे. आपल्यावर ओढवलेला अन्याय हें आपल्याच पापाचें फळ, असें ह्या लोकांस वाटलें! खिडकीसमोर आम्ही बराच वेळ उभे होतों. भोंवतालचे डोंगर हिरवेगार होते आणि सर्वत्र अतिशय शांतता होती. ती शांतता निसर्गाची नाहीं, हें त्या कांचा वाचल्यावर कळलें.

म्हणून आमचा सल्ला असा. मे किंवा जूनमध्यें जावें. रात्रीं दहापर्यंत उजेड असतो, आणि पुढें डोंगरांत चिलटें फार होतात. ऑगस्टांत एडिंबरोस १९४७ पासून चालत आलेल्या कलामहोत्सवाची गर्दी असते. प्रथम तीन दिवस शहर पाहावें. मग आगगाडीनें साडेतीन तासांत इनव्हरनेस. दुसऱ्या दिवशीं कलोडन. तिसऱ्या दिवशीं क्रॉइक. तेथून परत येऊन लॉक नेसच्या कांठानें फोर्ट विल्यम व ग्लेन्को. आणि शेवटचा एक दिवस पुन्हां एडिंबरोसाठीं राखून ठेवावा. कॅल्टन टेकडीवर पुन्हां जाऊन तें रेखीव नवें शहर दुसऱ्यांदा पाहावें. तें पहिल्यासारखें दिसणार नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांनीं कागद पुढें ओढून दोन्हीं शीर्षकें खोडलीं. नवीं काय लिहावयाचीं तें त्यांस सुचेना. परत आल्यावर लिहा, असें आम्हीं सांगितलें.