थिंक टँक : ही टाकी भरतं कोण?

टीव्हीवरच्या चर्चेत पाहुण्याच्या नावाखाली ‘अमुक थिंक टँकचे तज्ज्ञ’ अशी पट्टी आली की आपण त्याचं म्हणणं जरा जास्तच मनावर घेतो. हा शब्द मात्र जन्मतः एवढा भारदस्त नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी बोलीत ‘थिंक टँक’ म्हणजे डोकं. आपण ‘वरचा मजला’ म्हणतो तसं. दुसऱ्या महायुद्धात लष्करी नियोजक ज्या बंदिस्त खोलीत खलबतं करत, तिला हे नाव पडलं. साठच्या दशकात ते खोलीवरून संस्थांवर आलं. त्यातली सगळ्यांत गाजलेली म्हणजे कॅलिफोर्नियातली रँड कॉर्पोरेशन.

डग्लस या विमान कंपनीतला लष्करी संशोधन प्रकल्प १९४८ मध्ये स्वतंत्र झाला, तीच ही रँड. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला तिचं अप्रूप. १९५५ मध्ये तिने दहा लाख यादृच्छिक अंकांचं चक्क पुस्तक छापलं! तिथल्याच पॉल बॅरनने अणुहल्ल्यातही टिकेल अशा संपर्कजाळ्यासाठी संदेशाचे तुकडे करून ते वेगवेगळ्या वाटांनी पाठवायची कल्पना मांडली. आत्ता हा लेख तुमच्या फोनवर आलाय तो तुकड्यातुकड्यांनीच.

पण त्याच टाकीत व्हिएतनामही होतं. संरक्षणमंत्री मॅकनमारांनी १९६७ मध्ये या युद्धाचा गुप्त अभ्यास करायला सांगितला. सुमारे सात हजार पानांच्या त्या अहवालाची एक प्रत रँडकडे होती. त्यावर काम केलेल्या डॅनियल एल्सबर्गने १९६९ मध्ये तिच्या चोरून झेरॉक्स काढल्या आणि १३ जून १९७१ पासून न्यूयॉर्क टाइम्सने त्या छापायला घेतल्या. सरकार लोकांना एक सांगत होतं; कागदांत दुसरंच होतं.

मराठीत आपण ‘विचारगट’ म्हणतो. त्यात विचार येतो, टाकीचं झाकण येत नाही. पुण्यात १९३० मध्ये रा. ब. काळे यांच्या देणगीतून गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, तेव्हा संस्थांना हा शब्द लागतही नव्हता. धनंजयराव गाडगीळांनी तिथे पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि ती छापली. कुणीही उघडून वाचावी, हवं तर वाद घालावा.

म्हणून पट्टीवर ‘थिंक टँक’ दिसलं की मी दोन गोष्टी शोधतो : पैसे कुणाचे, आणि अहवाल मला वाचायला मिळतो का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तो सल्ला माझ्यासाठी नसतो, फक्त माझ्याबद्दल असतो.