सहावा गठ्ठा

'पेपरलेस ऑफिस' हा आम्हा आयटीवाल्यांचा भारी लाडका शब्द. प्रिंटरवर 'गरज असेल तरच छापा' अशी सूचना चिकटवायची (तीही छापलेलीच!), दोन्ही बाजूंनी प्रिंट काढायचे, रजेचे अर्ज ऑनलाइन करायचे. यात वाईट काहीच नाही. पण मंडळी, मला वाटतं खरा प्रश्न छापण्याचा नाहीच. ठेवायचं काय आणि फेकायचं काय, हा आहे. आणि त्याचं उत्तर महाराष्ट्रात संगणक यायच्या आधीच शोधलं गेलंय.

1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अनिलकुमार लखिना अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीची जी घडी बसवली ती पुढे 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर गेली. त्यातली सहा गठ्ठ्यांची पद्धत तर अगदी साधी. टेबलावरचे कागद सहा ठिकाणी लावायचे: प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि सहावा गठ्ठा, नष्ट करायचे कागद. जोडीला अभिलेखांचे वर्ग. 'अ' कायमचे, 'ब' 30 वर्षं, 'क' 10 वर्षं, 'क-1' 5 वर्षं आणि 'ड' फक्त एक वर्ष. आम्ही लोक हल्ली 'रिटेन्शन पॉलिसी' म्हणून जे कौतुकाने सांगतो, ते हेच की!

मग तरीही सहावा गठ्ठा बांधताना हात का थरथरतो? कागद फेकायला माणूस घाबरतो का? याचं उत्तर आमच्या सेंट्रल लाइनवर मिळतं.

आधी उल्हासनगर. फाळणीनंतर सिंधमधून आलेले निर्वासित कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत राहिले. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी तिथे नव्या गावाची पायाभरणी केली. मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासायला 1950 चा कायदा आला, भरपाईसाठी 1954 चा. आता विचार करा. घर मागे राहिलं, गाव परक्या देशात गेलं, आणि इथे सांगायचंय की ते घर माझंच होतं! अशा वेळी ट्रंकेच्या तळाशी आलेला एखादा जुना कागद म्हणजे काय, हे त्या पिढीला विचारावं. तो 'ड' वर्गात कोण टाकेल?

पुढे अंबरनाथ. तिथल्या शिवमंदिराचा शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. साडेनऊशेहून जास्त वर्षं झाली, कागद शून्य :) पण दगडावर कोरायला कष्ट पडतात, म्हणून कोरण्याजोगं तेवढंच कोरलं जातं. निवड आधी, नोंद नंतर. आमची हार्डडिस्क स्वस्त, म्हणून आम्ही निवडतच नाही. गठ्ठा तोच, फक्त दिसेनासा झालाय.

आणि बदलापूर. 26 जुलै 2005 च्या पावसात उल्हास नदीचं पाणी घराघरांत शिरलं. अशा पाण्यात कपाटातल्या फायलींचा लगदा व्हायला एक रात्र पुरते. 21 जून 2012 ला तर खुद्द मंत्रालयाला आग लागली. त्यात माणसं गेली, आणि असंख्य फायलीही जळाल्या. म्हणजे 'अ' वर्गाचा कागद जपून ठेवला की तो सुरक्षित, असंही नाही. त्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी हवीच. संगणकाचं खरं काम इथे आहे.

कायद्याने तर ही वाट कधीच मोकळी केलीये. 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदीला मान्यता दिली. 1 मे 2018 पासून महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, त्यावर तलाठ्याचा सही-शिक्का लागत नाही. पण अजूनही एखाद्या खिडकीवर तो मोबाइलमध्ये दाखवला की पलीकडून आवाज येतो, "याची झेरॉक्स जोडा."

तिथेच सगळं अडतं. घेणाऱ्याचा विश्वास बसेपर्यंत देणारा कागद सोडणार नाही, आणि त्याने सोडूही नये. कचेरीतला कागद कमी करायचा असेल तर प्रिंटरवर सूचना लावण्याआधी त्या खिडकीवर लावा: 'झेरॉक्सची गरज नाही.' सहावा गठ्ठा मग आपोआप बांधला जाईल.