कोड, ऊन आणि ३११ नॅनोमीटर

१/ कोडावर प्रकाशोपचार करणारे दिवे आता हातात मावतात. अंगावर बांधता येतील अशी उपकरणेही घडवली जात आहेत. यंत्र नवे आहे, त्यामागील कल्पना मात्र सुमारे दोन हजार वर्षे जुनी. #थ्रेड

२/ प्रथम शब्द पाहू. ‘कोड’ हा शब्द संस्कृत ‘कुष्ठ’पासून आला. वस्तुतः कोड, म्हणजे श्वित्र, हा कुष्ठरोग नव्हे आणि तो संसर्गाने पसरत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती त्वचेतील रंगपेशींवरच उलटते आणि पांढरे डाग पडतात. भाषेने मात्र दोन्ही व्याधींना एकाच नावात बांधले.

३/ मनुस्मृतीत (३.७) विवाहासाठी वर्ज्य कुळांच्या यादीत श्वित्री आणि कुष्ठी असे दोन वेगळे शब्द आहेत. भेद ठाऊक होता. बहिष्कार मात्र दोघांनाही होता.

४/ उपायांचा शोधही तितकाच जुना. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात डाग घालवण्यासाठी काळ्या वनस्पतीला आवाहन आहे. चरकसंहितेत काकोदुंबराचा रस गुळासह देऊन रुग्णाला सोसेल तितके ऊन घ्यायला सांगितले आहे. बावचीचे बीही या व्याधीवर वापरले जाई.

५/ यामागचे कारण विसाव्या शतकात उलगडले. १९३३ मध्ये जोइस, मंजुनाथ आणि व्यंकटराव यांनी बावचीच्या बियांचे रासायनिक परीक्षण प्रसिद्ध केले. त्यांतील सोरालेन त्वचेला अतिनील किरणांप्रति संवेदनशील करते. उन्हाची मात्रा मोजता येत नसे, म्हणून त्वचा भाजण्याचा धोका कायम होता. डागांवर उठणाऱ्या फोडांचा उल्लेख चरकसंहितेतही आहे.

६/ इजिप्तमध्येही हीच वाट सापडली होती. तेराव्या शतकात इब्न अल-बैतार याने एका वनस्पतीचे बी आणि ऊन यांचा उपचार नोंदवला. त्याच वनस्पतीतील द्रव्य एल मोफ्ती यांनी १९४०च्या दशकात रुग्णांवर वापरले.

७/ दरम्यान उन्हाची जागा दिव्याने घेतली. त्वचेच्या क्षयावरील प्रकाशोपचारासाठी नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल मिळाले. १९७४ मध्ये सोरालेन आणि अतिनील-अ दिवे यांची जोडी सोरायसिससाठी पुढे आली. १९९७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी दाखवले की सुमारे ३११ नॅनोमीटरचे किरण सोरालेनविनाही कोडावर गुणकारी ठरतात.

८/ रंग परततो कसा? केसांच्या मुळांशी उरलेल्या रंगपेशी प्रकाशाने जाग्या होतात. म्हणून डागात आधी ठिपके उमटतात, मग ते एकमेकांना मिळतात. बोटांची टोके आणि ओठ केसहीन. तेथे यश दुर्मीळ.

९/ हा उपचार आठवड्यातून दोन-तीनदा, कित्येक महिने घ्यावा लागतो. १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला मुंबईशी जोडणारी रेल्वे आज डोंबिवलीकराचा बहुतेक दिवस घेते. दवाखान्याची वेळ गाठायची तर रजा टाकावी लागते. घरी वापरायच्या दिव्याचे महत्त्व येथे कळते. मात्रा मात्र त्वचारोगतज्ज्ञानेच ठरवायची.

१०/ मनुस्मृतीतील त्या यादीचे काय झाले? पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी ‘श्वेता असोसिएशन’ उभारली. २००६ मध्ये सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ आला: कोड असलेली एक तरुण डॉक्टर आणि तिच्या विवाहाच्या निमित्ताने कसोटीला लागलेले सुशिक्षित कुटुंब. म्हणजे ३११ नॅनोमीटरचा शोध लागल्यानंतरही स्थळ पाहताना तोच जुना प्रश्न विचारला जात होता.