भामरागडचा प्रभारी अधिकारी आणि शिक्षेचा अधिकार : एक ऐतिहासिक विचार

शिस्तबद्ध दलात हुकूम देण्याचा अधिकार आणि हुकूम मोडणाऱ्यास शिक्षा करण्याचा अधिकार हे सामान्यतः एकच समजले जातात. वस्तुतः ते दोन भिन्न अधिकार असून इतिहासात त्यांची वाटणी वेगवेगळ्या प्रकारे झालेली दिसते. प्रस्तुत लेखात भामरागडच्या संदर्भात या वाटणीचा विचार केला आहे.

इ. स. १८५७ पूर्वी बंगाल सैन्यात पलटणीच्या प्रमुखाचे दंडाधिकार क्रमाक्रमाने मुख्यालयाकडे गेले. कोकण व देशावरील शिपायांचा भरणा असलेल्या मुंबई सैन्यात ते पलटणीच्या हाती अधिक प्रमाणात राहिले. याच सैन्यातील जॉन जेकब या अधिकाऱ्याने बंगालमधील केंद्रीकरणावर कठोर टीका केली होती. उठावाची कारणे एवढ्यावर आटोपत नाहीत, हे उघड आहे. तथापि उठावानंतर या टीकेला वजन आले आणि पलटणप्रमुखाने एकट्याने चालवावयाचे 'समरी कोर्ट मार्शल' रूढ झाले. १९५० च्या सेना अधिनियमात ते कायम राहिले. त्याच अधिनियमाच्या कलम ८० नुसार पलटणप्रमुख जवानाला २८ दिवसांपर्यंतची कैद संक्षिप्त रीतीने देऊ शकतो. केंद्र सरकारच्या संमतीने सेनाप्रमुखांनी निर्दिष्ट केलेल्या अन्य अधिकाऱ्यालाही संक्षिप्त कार्यवाही करता येते. अधिकार खाली उतरण्याची वाट कायद्यातच आहे.

पोलिसांची वाट निराळी झाली. चांदा जिल्हा मध्य प्रांतात असताना तेथे १८६१ चा पोलीस कायदा लागू होता. त्याच्या कलम ७ मध्ये बडतर्फी, एक महिन्याच्या वेतनापर्यंतचा दंड, १५ दिवसांपर्यंत लाइनीत अडकवणे इत्यादी शिक्षांचा अधिकार जिल्हा अधीक्षकापर्यंत येऊन थांबतो. पुढे विदर्भाला लागू झालेल्या मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम २५ मध्येही जिल्ह्यात हा अधिकार मुख्यतः अधीक्षकाकडेच आहे. ताकीद आणि जादा कवायत यांसारख्या किरकोळ शिक्षाही त्याच कलमात मोडतात. शिवाय नियुक्ती करणाऱ्यापेक्षा कनिष्ठ अधिकाऱ्याने बडतर्फ करू नये, हा संविधानाच्या अनुच्छेद ३११ चा दंडक आहेच.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला आणि १९९० मध्ये सी-६० पथक उभे राहिले. या पथकाच्या तुकडीचा 'पार्टी कमांडर' अनेकदा हवालदार वा सहायक उपनिरीक्षक दर्जाचा असतो. जंगलात कोणत्या वाटेने जायचे, केव्हा थांबायचे, गोळीबार केव्हा करायचा, हे तो ठरवतो. म्हणजे जीवनमरणाचा हुकूम हवालदाराकडे आणि साध्या लेखी ताकिदीचा अधिकार दीडशेहून अधिक किलोमीटर दूरच्या मुख्यालयात! त्याच परिसरात तैनात केंद्रीय राखीव पोलीस दलाचा कायदा १९४९ चा. त्याच्या कलम ११ मध्ये कमांडंटबरोबरच 'विहित केलेल्या' अन्य अधिकाऱ्यालाही किरकोळ शिक्षेचा अधिकार आहे. शेजारशेजारच्या दोन जवानांना असे दोन न्याय लागू होतात.

मग अधिकार खाली द्यावा काय? येथे घाई नको. एकाकी पोलीस मदत केंद्रात तक्रारदार, साक्षीदार व न्यायाधीश एकच व्यक्ती ठरण्याचा धोका मोठा असतो. उलट, ज्याला ताकीद देता येत नाही त्याच्या हाती रजा आणि गस्तीचा पाळीक्रम उरतोच. नावडत्या जवानाची रजा पुढे ढकलली, त्याला लागोपाठ गस्तीवर पाठवले, तर ती शिक्षाच होय. मात्र तिची नोंद कोठेही होत नाही आणि तिच्याविरुद्ध अपीलही करता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते अधिक भीती या अलिखित शिक्षेची आहे. म्हणून ताकीद व जादा कवायत एवढेच अधिकार उपविभागीय अधिकाऱ्याकडे स्पष्टपणे द्यावेत. दंड आणि वेतनवाढ रोखणे हे अधीक्षकाकडेच ठेवावे. प्रत्येक ताकिदीची प्रत जवानाला मिळावी. आणि पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, ते दिवस अपिलाच्या मुदतीत धरू नयेत.