चढण्याची ताकद आणि थांबण्याची हमी : जीप ते जी-क्लास, ऑफ-रोड गाडीच्या सुरक्षिततेचा इतिहास

प्रस्तावना

ऑफ-रोड गाडीची जाहिरात पाहिली तर ती नेहमी काहीतरी चढताना दिसते: वाळूची टेकडी, दगडांचा ओढा, बर्फाचा उतार. थांबताना ती क्वचितच दाखवली जाते. या गाडीच्या सुरुवातीच्या इतिहासातही तेच झाले. पुढे जाण्याची ताकद तिला १९४० मध्येच मिळाली. वेगात थांबण्याची आणि वळताना न उलटण्याची क्षमता मिळायला पुढची साठ वर्षे लागली. या टिपणात आपण तो प्रवास तीन टप्प्यांत पाहू आणि प्रत्येक टप्प्यामागचे यंत्रशास्त्र समजून घेऊ. मुख्य उदाहरण म्हणून मर्सिडीज-बेंझची जी-क्लास घेतली आहे, कारण १९७९ पासून आजपर्यंत जवळजवळ त्याच आकारात ती बनत आली आहे. त्यामुळे बाहेरचा आकार तोच राहूनही आत काय काय बदलावे लागले, हे तिच्यात स्पष्ट दिसते.

पहिला टप्पा : जीप आणि युद्धाची गरज (१९४०)

जुलै १९४० मध्ये अमेरिकन सैन्याने १३५ कंपन्यांकडे हलक्या, चारही चाकांवर चालणाऱ्या टेहळणी गाडीची मागणी केली. मुदत इतकी कमी होती की ती पाळण्याची तयारी फक्त अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने दाखवली. कार्ल प्रॉब्स्ट यांनी आराखडा केला आणि सप्टेंबर १९४० मध्ये पहिली नमुना गाडी सैन्याच्या हाती आली. पुढे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांनी युद्धकाळात मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. हीच जीप.

जीपचे इंजिन सुमारे ६० अश्वशक्तीचे, वजन सुमारे १.१ टन, दोन ॲक्सलमधले अंतर ८० इंच. जमिनीपासून उंच, लांबीला आखूड आणि रुंदीला अरुंद. खड्ड्यातून, चिखलातून, झाडांमधल्या वाटेतून जाण्यासाठी हे सगळे गुण हवेतच. पण नेमके हेच गुण पक्क्या रस्त्यावर वेगाने वळताना गाडीला उलटण्याच्या जवळ नेतात.

कारण सोपे आहे. गाडी वळते तेव्हा टायर तिला जमिनीच्या पातळीवर आतल्या बाजूला ओढतात. वस्तुमान मात्र वर, गुरुत्वमध्याच्या उंचीवर असते. या दोन पातळ्यांमधल्या अंतरामुळे गाडीला बाहेरच्या बाजूला कलवणारे आघूर्ण तयार होते. त्याला विरोध करते ते गाडीचे वजन आणि चाकांमधली रुंदी. यावरून एक साधे गुणोत्तर मिळते :

स्थिर स्थैर्य गुणांक = चाकांमधली रुंदी ÷ (२ × गुरुत्वमध्याची उंची)

समजा एका साध्या कारची रुंदी १.५ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर आहे. गुणांक येतो १.३६. उंच गाडीची रुंदी १.६ मीटर आणि उंची ०.७ मीटर धरली तर गुणांक १.१४ येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या माहितीनुसार बहुतेक प्रवासी कारचा गुणांक १.३० ते १.५० असतो, तर एसयूव्ही, पिकअप आणि व्हॅनचा साधारण १.०० ते १.३०. हा फरक चालकाच्या कौशल्याने भरून निघत नाही, कारण तो गाडीच्या भूमितीतच असतो.

दुसरी अडचण प्रेषणाची. जीपमध्ये फोर व्हील ड्राइव्ह लावले की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जात. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात हा फरक चाक घसरून भरून निघतो, कोरड्या डांबरावर मात्र गिअरवर ताण येतो आणि गाडी वळायला नाखूश होते. म्हणून पक्क्या रस्त्यावर दोनच चाकांवर चालवायचे, असा नियम होता. ६० अश्वशक्तीच्या आणि बेताच्या वेगाने जाणाऱ्या गाडीला तो परवडला.

दुसरा टप्पा : एकाच गाडीकडून दोन कामे (१९७० ते १९९०)

युद्धानंतर शेतकरी, वनखाते, पोलीस आणि हौशी प्रवासी या गाड्या वापरू लागले. १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये लँड रोव्हर आली. १९७० मध्ये त्याच कंपनीची रेंज रोव्हर आली आणि दिशा बदलली. तिच्यात ३.५ लिटरचे व्ही-८ इंजिन, कॉइल स्प्रिंग, चारही चाकांना डिस्क ब्रेक आणि कायमस्वरूपी फोर व्हील ड्राइव्ह होते. पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये बसवलेल्या मधल्या डिफरन्शियलमुळे कोरड्या रस्त्यावरही चारही चाकांना ताकद देणे शक्य झाले. महामार्गावर वेगाने जाणारी गाडी शेतातही उतरू शकते, ही कल्पना इथून रुजली.

जी-क्लासचा उगम याच दशकातला. १९७२ मध्ये डाइमलर-बेंझ आणि ऑस्ट्रियाची श्टायर-डाइमलर-पुख या कंपन्यांनी करार केला आणि १९७९ मध्ये ग्रात्स शहरात उत्पादन सुरू झाले. सुरुवातीची इंजिने ७२ ते १५० अश्वशक्तीची होती. लॅडर फ्रेम, पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि चालत्या गाडीत लावता येणारे डिफरन्शियल लॉक ही तिची ओळख. १९८३ च्या पॅरिस-डकार शर्यतीत जॅकी इक्स आणि क्लॉड ब्रासूर हीच गाडी घेऊन जिंकले.

डिफरन्शियल लॉक म्हणजे काय, ते थोडक्यात पाहू. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क देते. एक चाक हवेत किंवा चिखलात असेल तर त्याला फारसा टॉर्क पेलवत नाही, म्हणून दुसऱ्या चाकालाही मिळत नाही आणि गाडी अडकते. लॉक लावला की दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि पकड असलेले चाक गाडी ओढून काढते.

आता प्रश्न ब्रेकचा. १९८९ मध्ये सादर झालेल्या जी-क्लासच्या नव्या मालिकेत कायमस्वरूपी फोर व्हील ड्राइव्ह, तीन डिफरन्शियल लॉक आणि एबीएस हे एकत्र आले. रेंज रोव्हरलाही त्याच वर्षी एबीएस मिळाले. पण एबीएस आणि लॉक यांचे जमत नाही. प्रत्येक चाकाचा वेग स्वतंत्रपणे मोजायचा आणि जाम होऊ लागलेल्या चाकाचाच ब्रेक सैल करायचा, हे एबीएसचे काम. लॉक लावल्यावर चाके एकमेकांना बांधलेली असतात, मग एका चाकावर वेगळे नियंत्रण कसे ठेवणार? म्हणून जी-क्लासमध्ये लॉक लावताच एबीएस आपोआप बंद होई. शिवाय सुट्या खडीवर किंवा वाळूत जाम झालेले चाक स्वतःपुढे मातीचा ढीग गोळा करते आणि तो ढीगच गाडीला अडवतो. तिथे एबीएसमुळे थांबण्याचे अंतर वाढूही शकते. डांबरावर जीव वाचवणारी यंत्रणा वाळवंटात अडचण होते, हा धडा अभियंत्यांना इथे मिळाला. पुढे वेगवेगळ्या पृष्ठभागांसाठी वेगवेगळे मोड आले, त्यामागे हाच धडा आहे.

तिसरा टप्पा : उलटण्याचा प्रश्न ऐरणीवर (१९८८ ते २०११)

१९८० नंतर अमेरिकेत उंच गाड्या कुटुंबाची रोजची गाडी म्हणून विकल्या जाऊ लागल्या. १९८८ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या मासिकाने सुझुकी सामुराई वळणाच्या चाचणीत कलते असे जाहीर केले. ही गाडी म्हणजे आपल्याकडच्या मारुती जिप्सीचीच बहीण. कंपनीला चाचणीची पद्धत मान्य नव्हती. ती १९९६ मध्ये न्यायालयात गेली आणि २००४ मध्ये तडजोड झाली. निकाल काहीही असो, एखादी गाडी उलटण्याच्या किती जवळ आहे हे कसे मोजायचे, हा प्रश्न त्या वादामुळे लोकांसमोर आला.

२००० मध्ये त्याची दाहकता कळली. ऑगस्टमध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. यातले बरेच टायर फोर्ड एक्सप्लोरर या एसयूव्हीवर होते. धावत्या गाडीत टायरचा वरचा थर सुटे, गाडीवरचा ताबा जाई आणि ती उलटे. या टायरशी संबंधित अपघातांत अमेरिकेत २७१ मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ट्रेड कायदा झाला. टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि उलटण्याची प्रत्यक्ष चालवून घेतलेली चाचणी या दोन्ही गोष्टी या कायद्यातून पुढे आल्या.

उपाय तोपर्यंत तयार होता. बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी १९९५ मध्ये ईएसपी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्थैर्य नियंत्रण, बाजारात आणले होते. स्टिअरिंगवरून चालकाला कुठे जायचे आहे ते कळते, सेन्सरवरून गाडी प्रत्यक्षात किती फिरते आहे ते कळते. दोन्हींत फरक पडला की यंत्रणा एकाच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करते आणि इंजिनची ताकद कमी करते. १९९७ मध्ये स्वीडनमधील तेक्निकेन्स व्हार्ल्ड या मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजचीच छोटी ए-क्लास अचानक वळवताना उलटली. मग कंपनीला त्या गाडीत ईएसपी सरसकट द्यावे लागले. जी-क्लासमध्ये ते २००१ मध्ये आले.

अमेरिकन प्रशासनाने २००७ मध्ये नियम करताना दिलेला अंदाज लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकट्या वाहनाच्या अपघातांत ईएसपीमुळे कारमध्ये ३४ टक्के, तर एसयूव्हीमध्ये ५९ टक्के घट होईल. अशा अपघातांतील उलटण्याच्या घटना कारमध्ये ७१ टक्के आणि एसयूव्हीमध्ये ८४ टक्के कमी होतील. ज्या गाडीची भूमिती जास्त धोक्याची, तिला फायदाही जास्त. सप्टेंबर २०११ पासून अमेरिकेत नव्या हलक्या वाहनांना ही यंत्रणा बंधनकारक झाली.

आजची स्थिती : ५८५ अश्वशक्ती आणि जुना चौकोन

२०१८ मध्ये जी-क्लास मुळापासून नव्याने बनवली गेली. त्यातल्या जी ६३ मॉडेलमध्ये ५८५ अश्वशक्तीचे इंजिन आहे आणि ती ४.५ सेकंदांत शून्यावरून ताशी १०० किलोमीटर वेग गाठते. लॅडर फ्रेम, तीन लॉक आणि मागचा अखंड ॲक्सल कायम राहिला. पुढचा अखंड ॲक्सल मात्र गेला आणि तिथे डबल विशबोन पद्धतीचे स्वतंत्र सस्पेन्शन आले. गाडी रुंद झाली, म्हणजे आपल्या गुणोत्तरातला अंश वाढला. ७० सेंटिमीटर खोल पाण्यातून ती जाऊ शकते आणि २०१९ मध्ये तिला युरो एनकॅपचे पाच तारेही मिळाले.

तरीही एक साधे गणित करून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या १.१ टन जीपची गतिज ऊर्जा सुमारे १५० किलोज्यूल. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या २.५ टन गाडीची सुमारे १,३९० किलोज्यूल, म्हणजे नऊ पट. ती सगळी ऊर्जा ब्रेकला उष्णतेत बदलावी लागते. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गावर आणि रस्त्याच्या पकडीवर अवलंबून असते. ताशी १०० किलोमीटर वेगाला कोरड्या रस्त्यावर, घर्षणांक ०.८ धरून, ते सुमारे ४९ मीटर येते. निसरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.४ झाला की ९८ मीटर. या सूत्रात फोर व्हील ड्राइव्ह कुठेच नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. फोर व्हील ड्राइव्हमुळे निसरड्या रस्त्यावरही वेग सहज वाढतो, त्यामुळे रस्ता निसरडा आहे हे चालकाला उशिरा कळते. धोका तिथे आहे.

भारताशी संबंध

स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्र अँड महिंद्रने मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या परंपरेतली आजची गाडी म्हणजे नाशिकला बनणारी थार. २०२० च्या थारला ग्लोबल एनकॅपने प्रौढ आणि बाल, दोन्ही सुरक्षिततेसाठी चार तारे दिले. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारना एबीएस बंधनकारक आहे आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू झाले आहे.

मात्र कारखान्याने जुळवलेला तोल गॅरेजमध्ये बिघडू शकतो. मोठे टायर आणि उंच सस्पेन्शन बसवले की गुरुत्वमध्य वर जातो आणि गुणांक घटतो. ईएसपीचे प्रोग्रॅमिंग मात्र मूळ उंची आणि मूळ टायर धरून केलेले असते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे बदल रोखते, त्यामागे हेही कारण आहे. पिथमपूरच्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेसाठी तुमच्यापैकी जे गाडी बनवतील, त्यांना रुंदी आणि उंची स्वतःच ठरवावी लागेल. चढण्याची चाचणी करण्याआधी स्थैर्य गुणांक काढा, मग थांबण्याचे अंतर मोजा. उद्योगाने हा क्रम उलटा ठेवला आणि त्याची किंमत गाडीत बसलेल्यांनी मोजली.

स्वाध्याय

१. रुंदी १.५५ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.६८ मीटर असलेल्या गाडीचा स्थैर्य गुणांक काढा. उंची ८ सेंटिमीटरने वाढवल्यास तो किती होईल?

२. डिफरन्शियल लॉक लावल्यावर एबीएस बंद का करावे लागे, ते आकृतीसह स्पष्ट करा.

३. ईएसपीचा फायदा कारपेक्षा एसयूव्हीला जास्त का झाला, याची कारणे लिहा.